बर्फाची बाजू

मी, देल्फीना मोराल्यो, कैलासवासी बत्तिस्ता मोराल्यो यांची थोरली मुलगी, वय ऐंशीला टेकलेले, धंदा द्राक्षबाग, अविवाहित, राहणार सेरावेल्ला, मोराल्यो घराचा वरचा मजला, आज माझ्याच स्वयंपाकघरात बसून नोटरी गाल्लेसिओ यांना माझी अखेरची इच्छा सांगत आहे. ते लिहून घेत आहेत आणि दोन साक्षीदार ऐकत आहेत. माझे डोके ठिकाणावर आहे. छाती बिघडली आहे आणि पुढच्या हंगामाची खात्री डॉक्टरांनी दिलेली नाही, पण मृत्युपत्र छातीने करायचे नसते. मला कोणी भरीस घातलेले नाही, कोणाचा धाक नाही. मी रागात आहे, हे मात्र खरे. राग असला तर माणूस शुद्धीत धरतात की नाही, असे मी नोटरीसाहेबांना विचारले. ते म्हणाले, "सिन्योरिना, रागाला कायद्याची हरकत नाही." तेव्हा पुढे कोणी 'म्हातारी चिडली होती हो' म्हणत कोर्टाची पायरी चढू नये. चिडले होते. तसे लिहूनच ठेवले आहे.

याआधी मी कुठलेही मृत्युपत्र केलेले नाही. माझा धाकटा भाऊ ओत्तोरिनो गावात सांगत फिरतो की ताईने सगळे आमच्याच नावावर करून ठेवले आहे. ते खोटे आहे.

१. मला नवरा नाही, मूलबाळ नाही, आईवडील केव्हाच गेले. अशा स्थितीत मी मृत्युपत्र केले तर माझ्या मालमत्तेतल्या एका खड्यावरही भावाचा हक्क पोहोचत नाही, असे नोटरीसाहेबांनी कायद्याचे पुस्तक उघडून वाचून दाखवले. मी ते पुन्हा वाचायला लावले. कळले नव्हते म्हणून नव्हे, ऐकायला बरे वाटते म्हणून.

२. साक्षीदार दोन. पिएरिना, आमची टपालवाली, जी माझी पत्रे खाली राहणाऱ्या ओत्तोरिनोच्या हातात न देता जिना चढून वर आणते. आणि तेरेझिओ काव्हाल्लो, ओढ्यापलीकडचा. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळू शकत नाही असा नियम आहे. पिएरिनाच्या बाबतीत मला त्याचे वाईट वाटते. तेरेझिओला मी त्या नियमासाठीच बोलावले आहे. का, ते पुढे येईल.

३. मालमत्ता. माझ्या मालकीची जमीन म्हणजे ब्रिक्को लाउदाना या टेकडीची ईशान्येची उतरण, वेलींसह, खांबतारांसह, माथ्यावरच्या दगडी खोपटासह. चतुःसीमा: खाली ओढा, वर रस्ता, एका अंगाला हेझलनटची झाडी, दुसऱ्या अंगाला ओत्तोरिनो.

ही जमीन माझ्याकडे कशी आली ते लिहिणे भाग आहे. आमच्याकडे जमिनीची प्रत फेब्रुवारीत ठरते. बर्फ पडून गेला की लोक अंगणात येऊन टेकड्यांकडे बघत उभे राहतात. बर्फ आधी वितळून जिथे काळी माती दिसते, तिथे ऊन. तिथे नेब्बिओलो जातीचे द्राक्ष पुरते पिकते आणि त्याची वाइन बाटलीत नाव मिळवते. बर्फ जिथे टिकून राहतो तिथे मणी आंबट, ती वाइन घरच्या जेवणाला किंवा मजुरांना. हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, आणि मुलगी बघायला आलेल्या माणसालाही.

अडुसष्ट सालच्या फेब्रुवारीत वडिलांनी टेकडी वाटली. नकाशा नाही, मोजणीदार नाही. बर्फ पडल्यावर दोन दिवसांनी ते लाकडी मोगरी घेऊन निघाले. खुंट्यांचा भारा माझ्या डोक्यावर. ओत्तोरिनो घरी मोटरसायकल पुसत होता. काळे आणि पांढरे जिथे भेटत होते त्या रेषेवर वडील खुंट्या ठोकत गेले आणि मी त्यांच्या हातात एकेक खुंटी देत गेले. शेवटची ठोकून झाल्यावर त्यांनी मोगरी खांद्यावर टाकली. म्हणाले, "काळं ते ओत्तोरिनोचं, पांढरं ते तुझं."

जेवताना मी विचारले, असे का. मी थोरली आहे, छाटणी मला येते, त्याला येत नाही. वडील म्हणाले, तू लग्न करून जाणार, तुला दिले तेच पुष्कळ. आई म्हणाली, पोलेन्ता थंड होतोय. त्या घरात त्या विषयावर एवढीच चर्चा झाली.

तेव्हापासून माझ्या तुकड्याला गावात 'फिओका' म्हणू लागले. आमच्या बोलीत फिओका म्हणजे बर्फ. पुढे माझे लग्न राहिले, तेव्हा मलाही तेच म्हणू लागले. बेकरीत गेले की मागून ऐकू यायचे, फिओका आली, दार लावा, गारठा शिरेल. ते म्हणणारे बहुतेक आता कबरस्तानात आहेत आणि चांगले गारठलेले आहेत.

४. तेरेझिओ काव्हाल्लो याच्याविषयी. तो समोर टोपी मांडीवर ठेवून बसला आहे. बसू दे. वाटणीनंतरच्याच रविवारी तो आपल्या काकांना घेऊन मला मागणी घालायला आमच्याकडे आला होता. आमचे आधी ठरले होते, सुगीत, बागेत, शब्दाने. वडिलांनी त्याच्यासाठी बाटली उघडली. मी ग्लास भरून त्याच्यापुढे ठेवला. तो खिडकीशी बसला होता आणि खिडकीतून टेकडी दिसते. वडील सांगत होते, बघा, तो पांढरा तुकडा दिसतोय ना, तो हिचा. थोड्या वेळाने त्याचे काका उठले, त्यांच्यामागे तो उठला. ग्लास तसाच भरलेला राहिला. मुलगी मागायला आलेल्याने ग्लास न पिता उठणे याचा अर्थ आमच्याकडे कोणाला समजवावा लागत नाही. पुढच्या वर्षी त्याने ओढ्यापलीकडची मुलगी केली, तिच्या नावावर दक्षिणेचा उतार होता. काकांनी उठवले म्हणून तो उठला, असे मी आजवर धरून चालले आहे. कुठेतरी धरावे लागते.

५. आता वाइनविषयी, कारण भांडण तिचेच आहे. ओत्तोरिनोने आपल्या काळ्या बाजूची वाइन 'ब्रिक्को लाउदाना' नावाने बाटलीत भरायला घेतली. एकाच टेकडीची, बाहेरचा एक मणीही न घालता, जुन्या मोठ्या पिंपात मुरवलेली. चांगली होती. मी तिला वाईट म्हणणार नाही. तळघर त्याचे, पिंपे त्याची, माझे घड तो खालच्या हौदात टाकायचा आणि मजुरांच्या जेवणाला काढायचा. मी माझ्यासाठी एक बुधला वेगळा ठेवायचे, जिन्याखाली. त्याला तो हसायचा.

मग उन्हाळे बदलले. दोन हजार तीनचा उन्हाळा सगळ्यांना आठवत असेल. त्यानंतर दर दोनचार वर्षांनी तसाच. काळ्या बाजूचे घड ऑगस्टमध्येच सुरकुतायला लागले. माझ्या बाजूचे ऑक्टोबरपर्यंत शांतपणे पिकत राहिले, कारण जे ऊन पूर्वी कमी पडायचे तेच आता पुरेसे झाले. वडिलांनी खुंट्या ठोकल्या त्याच आहेत, सूर्यच सरकल्यासारखा झाला. ओत्तोरिनो एके वर्षी जिन्यात थांबून म्हणाला, ताई, यंदा तुझे थोडे घड वरच्या पिंपात घालतो. पुढच्या वर्षी अर्धे घातले. आता कितीतरी वर्षे त्या बाटलीत जे काही बरे आहे ते माझ्या बाजूचे आहे, आणि त्याच्या बाजूचे घड तो रात पडायच्या आत ट्रकने दुसऱ्या कोणाला तरी विकून टाकतो.

यात मला राग नाही. घड वाया जाण्यापेक्षा बाटलीत गेलेले बरे. राग कशाचा, ते नोटरीसाहेबांनी नीट लिहावे. वाइन चाखायला परदेशी पाहुणे येतात. ओत्तोरिनो त्यांना अंगणात नेतो, काठी टेकडीच्या काळ्या अंगाकडे करतो आणि सांगतो, बर्फ आधी वितळतो ती ही जागा, माझ्या वडिलांनी मला दिलेली, या बाटलीत तेच ऊन आहे. पाहुणे नाक ग्लासात खुपसून मान डोलावतात आणि म्हणतात, काय ताजेपणा आहे. मी वर गॅलरीत चादरी वाळत घालत असते. छापील पत्रकात तोच फोटो आहे, तीच काठी. माझ्या बाजूचा उल्लेख पत्रकात एकदाच आहे. 'मागे दिसतो तो शेजारील डोंगर.'

६. ओत्तोरिनोची मुलगी मिरेल्ला हिच्याविषयी. ओत्तोरिनोला दोन मुले, मिरेल्ला थोरली आणि कोर्राडो. कोर्राडो टूरिनहून शिकून आला आणि त्याने तळघरात नवी लहान पिंपे आणली, त्यांतून व्हॅनिलाचा वास येतो. मिरेल्ला शाळेची बस चालवते आणि सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर छाटणीला येते. छाटणीत ती लोभी आहे, काडीवर फुटव्याचे डोळे जास्त ठेवते, मी ओरडते, ती उलट ओरडते. आमचे बरे चालले आहे.

सहा वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर पाहुणे बसले होते. ओत्तोरिनोने हट्टाने नुसत्या आपल्या बाजूच्या घडांची वाइन उघडली. मिरेल्लाने घोट घेतला, ग्लास खाली ठेवला.

"पप्पा, हा मुरांबा झालाय. आत्याच्या बाजूची आणा."

ओत्तोरिनोने तिला पाहुण्यांसमोर टेबलावरून उठवले. आणि त्याच महिन्यात तळघर, पिंपे, काळी बाजू, घराचे नाव, सगळे कोर्राडोच्या नावे होईल असे जाहीर केले. मिरेल्लाला रोख काहीतरी मिळेल म्हणाला. ती वर आली, माझ्या या खुर्चीत बसली. मग म्हणाली, "आत्या, तुलाही असंच सांगितलं होतं का गं?" मी म्हणाले, मला रोखही सांगितले नव्हते.

७. मागच्या सुगीनंतर कोण्या मोठ्या कंपनीचा माणूस आला, चकचकीत बूट घालून, चिखलात. त्याला टेकडी विकत हवी आहे. पण त्याने माती तपासून आणली होती, आणि पहिलाच प्रश्न केला की ईशान्येची उतरण त्यात आहे ना, तिच्याशिवाय आम्हाला रस नाही. माझी खिडकी अंगणावर उघडते. कोर्राडो हसून म्हणाला, "आत्याचं काय, ती आज आहे उद्या नाही. तिचं आमच्याकडेच येणार." आणि माझा भाऊ, ज्याला मी काखेत घेऊन बागेत हिंडवले, ज्याचा ताप मी माझ्या हाताने उतरवला, तो शेजारी उभा होता. तो कोर्राडोला गप्प बस म्हणाला नाही. मी वाट बघितली. बोलेल म्हणून मी खिडकी उघडीच ठेवली होती.

त्या संध्याकाळी पिएरिनाला सांगून मी नोटरीसाहेबांना निरोप धाडला.

८. म्हणून माझी इच्छा अशी. वर लिहिलेल्या चतुःसीमेतील संपूर्ण जमीन, वेली, खांब, तारा, खोपट, त्यावर जाण्यायेण्याचा हक्क, ओढ्याच्या पाण्याचा वाटा, माझ्या कात्र्या, पाठीवरचा फवारणी पंप, जिन्याखालचे सगळे बुधले आणि पोस्टात जे काही असेल ते, हे सर्व मी माझी भाची मिरेल्ला मोराल्यो हिला एकटीला देत आहे. लग्न केले तर, न केले तर, अशी कुठलीही अट त्यात नाही. असल्या अटींनी माझे पोट भरलेले आहे.

अटी वाइनच्या आहेत. या जमिनीच्या वाइनच्या बाटलीवर 'फिओका' हे नाव छापावे, मोठ्या अक्षरांत, बेकरीतूनही वाचता येईल असे. तिच्यात दुसऱ्या बाजूचा, दुसऱ्या कोणाचाही, एक मणी पडू नये. गारांनी बाग झोडपली तर त्या वर्षी बाटली नाही, बस चालवावी. व्हॅनिलाची पिंपे तिच्या आसपास आणू नयेत. आणि ही जमीन त्या कंपनीला किंवा तिच्या कुठल्याही भावंड-कंपनीला विकू नये.

शेवटची अट कायद्यात टिकणार नाही, असे नोटरीसाहेब म्हणतात. वारसाला विकण्यापासून असे कायमचे बांधता येत नाही. मी म्हणाले, अट म्हणून टिकत नसेल तर शाप म्हणून लिहा. त्यांनी पेन खाली ठेवले. मग उचलले. तर तो शाप म्हणून लिहिला आहे.

९. माझा भाऊ ओत्तोरिनो याला मी वडिलांची मोगरी देत आहे, ज्या मोगरीने खुंट्या ठोकल्या तीच. ती माझ्या पलंगाखाली आहे. सोबत एवढेच सांगणे की त्याला आपली बाजू कधी पोरांत वाटावीशी वाटली तर त्याने ही मोगरी घेऊन ऑगस्टमध्ये टेकडीवर जावे, फेब्रुवारीत नव्हे. वेलींची पाने कुठे करपली आहेत ते बघावे आणि त्या रेषेवर ठोकावे. एकट्याने जावे. खुंट्या द्यायला मी नसेन.

तो माझा भाऊ आहे आणि मला तो आवडत होता, हेही लिहा. नाहीतर एवढा राग कशाला आला असता.

१०. कोर्राडोला काही नाही. विसरले म्हणून नव्हे. माझ्या मातीच्या जेवणाला त्याला अवश्य बोलवावे, पण त्याच्यापुढे त्याच्याच पिंपातली ओतावी.

११. मला वडिलांच्या शेजारी पुरावे. मिरेल्ला म्हणत होती, आत्या, तुला दुसरीकडे कुठे हवं असेल तर बघू. नको. शेजारीच. मला त्यांच्याशी बोलायचे आहे आणि तिथून त्यांना उठून जाता येणार नाही.

एवढे झाल्यावर नोटरीसाहेबांनी सर्व मजकूर मोठ्याने वाचून दाखवला, तसा नियम आहे. कोणाला काही म्हणायचे आहे का, असे विचारले. पिएरिना डोळे पुसत नाही म्हणाली. तेरेझिओने टोपी टेबलावर ठेवली.

"एक चूक आहे. चार नंबरला."

नोटरीसाहेब म्हणाले, कुठली.

"काकांनी मला नाही उठवलं. आधी मी उठलो. काका म्हणत होते बस, पोरगी चांगली आहे. मला तो पांढरा तुकडा दिसला आणि मी उठलो."

मी इतकी वर्षे काकांना बोल लावत आले होते. ते बिचारे कधीच गेले, त्यांच्या कबरीवरून जाताना मी मान फिरवत असे. मी नोटरीसाहेबांना म्हणाले, तसे लिहा. त्यांनी विचारले, कलम चार बदलू का. मी म्हणाले, बदलू नका, मी काय धरून चालले होते तेही राहू द्या, आणि खाली खरे काय ते लिहा. ते असे: साक्षीदार तेरेझिओ काव्हाल्लो स्वतः उठला, बर्फ बघून उठला, आणि हे त्याने आज न विचारता सांगितले.

मग मी पिएरिनाला जिन्याखालच्या बुधल्यातून बाटली भरून आणायला लावली. एक ग्लास भरून तेरेझिओपुढे ठेवला, खिडकीशी, तो पूर्वी बसला होता तिथेच. परवा थोडा बर्फ पडून गेला आहे. ओत्तोरिनोची बाजू काळी झाली आहे, माझी अजून पांढरी आहे, ती त्याला दिसत होती.

"ही पांढऱ्याची?"

"पांढऱ्याची."

त्याने ती तळापर्यंत प्यायली. घाई केली नाही. मग टेकडीकडे बघतच रिकामा ग्लास पुढे सरकवला.

मी बुच लावले. नोटरीसाहेब म्हणाले, सिन्योरिना, हे मृत्युपत्रात येत नाही. येते, लिहा. पहिला ग्लास त्याचाच होता, अडुसष्टपासून भरून राहिलेला, तो त्याला दिला. दुसरा माझ्या मालमत्तेतला आहे, आणि साक्षीदाराला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, आणि त्यातला एकही शब्द मी मवाळ करू दिलेला नाही. म्हणून सही.

ठिकाण: सेरावेल्ला, मोराल्यो घर, वरचा मजला
दिनांक: २१ फेब्रुवारी २०२३

(सही) देल्फीना मोराल्यो, जिला फिओका म्हणतात

साक्षीदार:
(सही) पिएरिना बोस्किस, टपाल खाते
(सही) तेरेझिओ काव्हाल्लो, शेतकरी

समक्ष:
(सही व शिक्का) नोटरी गाल्लेसिओ, आल्बा